चिमणीसाठी घरटं लावलं आणि साळुंकी राहायला आली! सातारा-सांगलीकरांनी समजून घ्यावं असं सव्वा इंचाचं गणित

मार्च महिना आला की मोबाईलवर चिमण्यांचे फोटो सुरू होतात. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. शाळांमध्ये घरटी करायच्या कार्यशाळा होतात, मंडळं लाकडी घरटी वाटतात, कुणी चपलांच्या खोक्याला भोक पाडून रील टाकतं, कुणी माठ टांगतं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत हे चित्र सगळीकडे सारखंच असतं.

पण दोन महिन्यांनी त्या घरट्याचं काय झालं, याची रील सहसा कुणी टाकत नाही. कारण बऱ्याच ठिकाणी घरटं रिकामं असतं, नाहीतर त्यातून साळुंकी डोकावत असते. घरटं चिमणीच्या नावाचं आणि भाडेकरू मात्र भलताच!

मग साळुंकीला हाकलायचं का? तिचं घरटं काढून टाकायचं का? की यात चूक आपल्याच पेटीची आहे? सविस्तर समजून घेऊया.

आधी मूळ प्रश्न: चिमणी खरंच कमी झाली का?

चिमण्या नामशेष होत आल्यात, असे मेसेज तुम्ही वाचले असतील. प्रत्यक्षात चित्र थोडं वेगळं आहे. पक्षीनिरीक्षकांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदींवरून २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. त्यात ८६७ जातींचा अभ्यास होता. देशभराचा विचार केला तर गेल्या २५ वर्षांहून अधिक काळात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, असं त्यात दिसलं. पण मुंबई, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या मोठ्या शहरांमध्ये मात्र ती कमी होत गेली आहे.

म्हणजे चिमणी देशातून संपलेली नाही. जिथे घरं बदलली, तिथून ती निघून जाते आहे.

२०१८ साली आलेल्या रजनीकांत आणि अक्षय कुमारच्या ‘२.०’ या सिनेमामुळे मोबाईल टॉवरनेच चिमण्या मेल्या, हा समज घराघरात पोचला. त्याला ठोस पुरावा नाही. अभ्यासक दोन साध्या कारणांकडे बोट दाखवतात. एक, पिल्लांना भरवायला किडे मिळत नाहीत. दोन, घरटं करायला जागा मिळत नाही.

वाडे गेले, वळचण गेली

चिमणी झाडाच्या फांदीवर घरटं करणारा पक्षी नाही. तिला लागते फट, कोनाडा, बीळ. जुन्या कौलारू घरांत, दगडी वाड्यांत, माळवदाच्या घरांत अशा जागा भरपूर होत्या. वळचण होती, आढ्याच्या फटी होत्या, भिंतीवरच्या तसबिरीच्या मागे तिरकी जागा होती. चिमणीला घर शोधत हिंडावं लागत नव्हतं.

वाई, सातारा, कराड, मिरज, सांगली, तासगाव, कुठेही बघा. जुनं घर पाडून स्लॅबचं घर उभं राहिलं की भिंती गुळगुळीत होतात, खिडक्यांना काचा लागतात, फटी बुजतात. माणसाची सोय झाली, पण चिमणीचा पत्ता हरवला.

दुसरीकडे शेतीही बदलली. प्रौढ चिमणी धान्यावर जगते, पण तिच्या पिल्लांना पहिले काही दिवस मुख्यतः अळ्या आणि किडे लागतात. द्राक्षबागेत औषधांच्या फवारण्या सतत सुरू असतात. फवारणी झाली की अळ्या मरतात, आणि अळ्या नसतील तर पिल्लं जगत नाहीत.

म्हणून लाकडी घरटं हा उपाय पुढे आला. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ने चिमणी दिनाची कल्पना मांडली आणि २०१० पासून तो जगभरात साजरा होऊ लागला. दिल्लीने २०१२ साली चिमणीला राज्यपक्षी केलं. घरटी वाटण्याची लाट आपल्याकडेही आली. गडबड इथूनच सुरू होते.

फटीत राहणारी चिमणी एकटी नाही

भिंतीच्या बिळात किंवा झाडाच्या ढोलीत घरटं करणारे पक्षी आपल्या परिसरात बरेच आहेत. साळुंकी आहे, भांगपाडी मैना आहे, पोपट आहे, दयाळ आहे, पिंगळा आहे. यातल्या बहुतेकांना स्वतः बीळ कोरता येत नाही. सुतार पक्षी आणि तांबट खोड पोखरून ढोली करतात, बाकीचे तयार जागा शोधतात. वड, पिंपळ, आंबा, चिंच अशी जुनी झाडं तुटली की ढोल्याही जातात.

मग जागा थोड्या आणि गिऱ्हाईकं जास्त, अशी अवस्था होते. सार्वजनिक नळावर भांडण व्हावं तसं पक्ष्यांचं होतं, आणि त्या भांडणात चिमणी हरते.

कारण साधं आहे. चिमणीची लांबी साधारण १६ सेंटीमीटर आणि वजन ३० ग्रॅमच्या आसपास. साळुंकी २३ ते २५ सेंटीमीटर लांब असते आणि तिचं वजन १०० ग्रॅमच्या आगेमागे असतं. म्हणजे चिमणीच्या तिप्पट. शिवाय साळुंकी दांडगट आहे. जोडीने येते, जागा धरते, आरडाओरडा करून दुसऱ्याला पिटाळते आणि आत गवत, पिसं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे असं काहीही भरून टाकते.

तिच्या दांडगाईची जगात ख्याती आहे. १८६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये माणसांनी भारतातली साळुंकी नेऊन सोडली. तिथे ती इतकी पसरली की स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावू लागली. जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या जीवांची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी २००० साली काढली. त्यात पक्षी फक्त तीन आहेत. त्यातली एक आपली साळुंकी आणि दुसरा आपला लालबुड्या बुलबुल.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. साळुंकी ऑस्ट्रेलियात परकी आहे, साताऱ्यात नाही. ती इथलीच आहे. शेतातल्या अळ्या, टोळ, किडे खाते. तिला खलनायक ठरवून हा विषय मिटत नाही.

आणि अमेरिकेत खलनायक कोण? चिमणी!

आता गोष्टीतला खरा ट्विस्ट.

उत्तर अमेरिकेत पर्पल मार्टिन नावाचा पक्षी आहे. आपल्या भिंगरीच्या कुळातला, जांभळट निळ्या चमकदार पिसांचा. हिवाळ्यात तो दक्षिण अमेरिकेत जातो आणि वसंतात परत येतो. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी चोक्टॉ आणि चिकासॉ लोक वाळवून पोकळ केलेले भोपळे खांबांना टांगायचे आणि त्यात हे पक्षी घरटी करायचे. ही सवय इतकी जुनी आहे की अमेरिकेच्या पूर्व भागातला पर्पल मार्टिन आज जवळपास पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांवरच अवलंबून आहे. लोक अंगणात उंच खांब रोवतात आणि त्यावर अनेक खोल्यांची घरटी बसवतात.

या घरांवर कब्जा करणारे दोन पक्षी आहेत. एक युरोपातली स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचीच नातलग. १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साधारण ६० स्टार्लिंग सोडल्या होत्या, त्यांची प्रजा आता खंडभर आहे. आणि दुसरी? आपली घरचिमणी. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सोडली गेली आणि तिथून अमेरिकाभर पसरली. तिथे ती पर्पल मार्टिनची अंडी फोडते, पिल्लं मारते आणि घरटं ताब्यात घेते.

म्हणजे ज्या चिमणीसाठी आपण हळहळतो, तिच्यापासून घरटी वाचवायला अमेरिकेत लोक धडपडतात. आपल्याकडेही ती अगदीच गरीब नाही. छताला चिकटलेली पाकोळ्यांची घरटी ती बळकावते. पक्षी चांगला किंवा वाईट नसतो. जागा कमी पडली की जो जोरकस असतो तो जिंकतो, एवढंच.

अमेरिकेतल्या लोकांनी स्टार्लिंगवर एक भन्नाट उपाय काढला. गोल भोकाऐवजी त्यांनी अर्धचंद्राच्या आकाराचं दार केलं, उंचीला जेमतेम ३० मिलिमीटर. पर्पल मार्टिनचे पाय आखूड, तो पोट घासत आत सरकतो. स्टार्लिंगची छाती भरदार, ती अडकते. पण चिमणी मार्टिनपेक्षा लहान. मोठ्या पाहुण्याला जाता येईल अशा दारातून लहान घुसखोर जाणारच. त्यामुळे चिमणीसाठी तिथे पुन्हा पुन्हा घरटी साफ करावी लागतात. ती तिथे परकी असल्याने कायदाही त्याला परवानगी देतो.

आपलं नशीब याच्या बरोबर उलटं आहे. आपल्याला आत घ्यायची आहे ती चिमणी लहान आणि बाहेर ठेवायची आहे ती साळुंकी मोठी. म्हणजे नुसत्या दाराच्या मापावर काम होतं.

सव्वा इंच, म्हणजे दहा सूत

चिमणीच्या घरट्याचं दार ३२ मिलिमीटरचं असावं, हे जगभर मानलं गेलेलं माप आहे. सुताराच्या भाषेत सव्वा इंच, म्हणजे दहा सूत. एवढ्या भोकातून चिमणी आरामात जाते. साळुंकी जात नाही, भांगपाडी मैना जात नाही, पोपट तर नाहीच.

बाजारात मिळणाऱ्या किंवा हौसेने केलेल्या घरट्यांना दोन-अडीच इंचाचं भोक असतं. ‘चिमणीला मोकळं वाटावं’ हा त्यामागचा विचार. पण तेवढं दार म्हणजे साळुंकीला आमंत्रणपत्रिकाच. माठाच्या रुंद तोंडातून तर मांजराचा पंजा आणि कावळ्याची चोचही जाते.

बाकीची मापं अशी ठेवा:

- तळ आतून साधारण १५ बाय १५ सेंटीमीटर.
- दार तळापासून १२ ते १५ सेंटीमीटर वर. म्हणजे बाहेरून चोच किंवा पंजा पिल्लांपर्यंत पोचत नाही.
- फळी निदान अर्धा इंच जाड. पातळ प्लायवूड पावसात फुगतं आणि उन्हात तापतं.
- दारासमोर बसायची दांडी लावू नका. फोटोत छान दिसते, पण चिमणीला तिची गरज नसते. कावळा आणि साळुंकी मात्र तिच्यावर बसून आत डोकावतात.
- तळाला चार बारीक भोकं, पाणी निघून जायला. वरच्या बाजूला दोन-तीन भोकं, हवा खेळायला.
- झाकण उघडता येईल असं. विणीचा हंगाम संपल्यावर आतलं जुनं गवत काढावं लागतं.
- आतून रंग किंवा वॉर्निश नको.
- दाराभोवती भोक पाडलेली पत्र्याची चकती ठोका. खार लाकूड कुरतडून दार मोठं करते आणि मग सव्वा इंचाचा उपयोग राहत नाही.

सुताराकडे ड्रिल मशीनला लावायचं गोल कटर असतं, त्याने हे भोक नेमकं पडतं. आधीच दोन इंची दाराचं घरटं घरी असेल तर ते फेकू नका. ते रिकामं असताना सव्वा इंची भोक पाडलेली फळीची पट्टी दारावर स्क्रूने बसवा. काम झालं.

घरटं लावायचं कुठे?

इथे सातारा आणि सांगलीचा भूगोल मधे येतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणि सांगलीच्या जतमध्ये तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे एकच सल्ला सगळीकडे चालत नाही.

जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात दार पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला ठेवू नका. पावसाळी वारं तिकडूनच येतं. घरटं पागोळीच्या आत, छज्जाखाली लावा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यात खरा धोका उन्हाचा. पत्र्याच्या शेडला चिकटवून लावलेली पेटी एप्रिल-मे महिन्यात भट्टीसारखी तापते आणि पिल्लं आतच मरतात. तिथे उत्तर किंवा पूर्वेकडे तोंड करून, दिवसभर सावली राहील अशा भिंतीला लावा. पुठ्ठ्याचं खोकं आणि प्लॅस्टिकची बाटली दोन्हीकडे नको.

उंची आठ ते बारा फूट पुरे. जवळ मांजराला चढता येईल असा कठडा, पाईप किंवा फांदी नसावी. पंख्याजवळ तर अजिबात नको.

चिमणीला शेजार आवडतो. त्यामुळे एकच घरटं लावण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर दोन-तीन लावली तर वस्ती होण्याची शक्यता वाढते. लावल्यावर धीर धरा. काही घरटी आठवड्यात भरतात, काहींना पुढचा हंगाम लागतो. रोज शिडी लावून आत मोबाईल घालू नका. एका वेळी साधारण तीन ते पाच अंडी असतात. सुमारे दोन आठवडे अंडी उबवण्यात जातात आणि पुढचे साधारण दोन आठवडे पिल्लं आत असतात. या महिनाभरात सारखा त्रास झाला तर जोडी घरटं सोडू शकते.

पारव्यांचं काय?

पारवा, म्हणजे आपण ज्याला कबूतर म्हणतो तो, चिमणीच्या पेटीत शिरूच शकत नाही. तो खिडकीच्या वर, एसीच्या मागे, सपाट जागेवर अंडी घालतो. पण त्याची स्पर्धा दाण्यावरून आहे. गच्चीवर ओंजळभर ज्वारी टाकली की आधी पारवे येतात आणि चिमणी कडेला बसून राहते. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात संख्या चांगली वाढत असलेल्या पक्ष्यांमध्ये पारव्याचं नाव आहे. त्याच्या विष्ठेमुळे फुफ्फुसाचे आजार होऊ शकतात, हा मुद्दा २०२५ साली मुंबईतल्या कबुतरखान्यांच्या वादात राज्यभर गाजला.

म्हणून दाणे उघड्यावर पसरू नका. बाजरी, ज्वारीची कणी असं बारीक धान्य थोडंच ठेवा, तेही मोठ्या पक्ष्याला डोकं घालता येणार नाही अशा जाळीच्या आत. ज्वारीचं किंवा बाजरीचं कणीस तारेला टांगलं तर चिमणी लटकून खाते, पारव्याला ते जमत नाही. मातीच्या परळात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. कोपऱ्यात थोडी कोरडी माती राहू द्या, चिमण्या त्यात लोळून अंग साफ करतात. आणि कुंड्यांवर कीटकनाशक मारणं थांबवा. पिल्लांचं खरं खाद्य तिथेच असतं.

साळुंकी आधीच आत असेल तर?

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. राग आला तरी तिचं घरटं उपसू नका.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही त्यात येतं. साळुंकी या कायद्याने संरक्षित आहे. ‘चिमणी वाचवण्यासाठी’ साळुंकीची अंडी बाहेर फेकणारी रील ही चांगुलपणाची रील नाही, गुन्ह्याचा पुरावा आहे. अमेरिकेतले व्हिडिओ बघून इथे तसंच करायला गेलात तर अडचणीत याल. तिथे हाकलला जाणारा पक्षी परका आहे, इथे दोन्ही पक्षी इथलेच आहेत.

मग करायचं काय? तिची पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. घरटं रिकामं झाल्याची खात्री करा, मग साफ करा आणि दारावर सव्वा इंची पट्टी बसवा. तोपर्यंत चिमणीसाठी दुसरी पेटी घराच्या वेगळ्या बाजूला लावा. जखमी पक्षी किंवा खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर कळवता येतं.

आणि साळुंकीला जागा हवी असेल तर ती आपल्या पेटीत नको, झाडात असावी. बांधावरचं जुनं आंब्याचं किंवा चिंचेचं झाड, ढोली पडली म्हणून लगेच तोडू नका. त्या ढोलीत साळुंकी, पोपट, पिंगळा सगळ्यांची सोय होते. त्यांना तिथे घर मिळालं की चिमणीच्या दारावरची गर्दी आपोआप कमी होते.

थोडक्यात सांगायचं तर

घरटं वाटणं सोपं आहे, बरोबर मापाचं घरटं वाटणं थोडं कष्टाचं. पण फरक फक्त काही सुतांचा आहे. येत्या चिमणी दिनाला तुमच्या शाळेत, सोसायटीत किंवा मंडळात घरटी वाटली जाणार असतील तर आधी टेप घेऊन दार मोजा. दहा सूत असेल तर बिनधास्त लावा. जास्त असेल तर सुताराकडून पट्टी मारून घ्या. आणि मे-जूनमध्ये आत नेमकं कोण राहायला आलं, त्याचाही एक फोटो लांबूनच काढून टाका. त्या फोटोतूनच पुढच्या माणसाला कळेल की कोणतं घरटं चाललं आणि कोणतं फसलं.